केनियातल्या शाळकरी मुलींचं मन आणि विद्यार्थी गटप्रमुख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या शाळकरी मुलींच्या मानसिक आरोग्यासाठी कॉलेजच्या वयाच्या मुली काय काम करतात, याबद्दल मराठी विद्यार्थी, शिक्षक आणि पूर्व आफ्रिकेत राहणारी मराठी कुटुंबं सतत विचारत असतात. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि एकच उत्तर सगळीकडे चालत नाही. इथली उत्तरं मुख्यतः केनियाची आहेत. युगांडा किंवा झिम्बाब्वेची गोष्ट आली तर तसं सांगितलं आहे.

१. विद्यार्थी गटप्रमुख म्हणजे नेमकी कोण? ती समुपदेशक असते का?

नाही. ती साधारण १८ ते २२ वर्षांची, शाळा संपवलेली किंवा कॉलेजात शिकणारी मुलगी असते. आठवड्यातून एकदा, तासभर, आठ ते बारा शाळकरी मुलींबरोबर ती गोलात बसते आणि लिहून दिलेल्या आराखड्याप्रमाणे सत्र घेते. ती निदान करत नाही, औषधाबद्दल बोलत नाही, ‘तू असं कर’ असा सल्ला देत नाही.

तिच्या पाठीशी तीन माणसं लागतात: दर आठवड्याला तिच्याशी बोलणारी पर्यवेक्षक, अवघड प्रसंगी फोन उचलणारी मानसतज्ज्ञ, आणि शाळेतली मार्गदर्शन-समुपदेशन पाहणारी शिक्षिका. यातलं एक माणूस जरी नसेल तरी गट सुरू करू नये, असं आमचं ठाम मत आहे. गटप्रमुख कितीही गुणी असली तरी पुढच्या प्रत्येक उत्तरात या तिघांपैकी कुणाची तरी गरज पडणार आहे.

२. ही पद्धत कुणी सुरू केली?

केनियात सगळ्यात जास्त अभ्यासलेलं उदाहरण शामिरी संस्थेचं आहे. टॉम ओसबोर्न हा केनियन तरुण हार्वर्डमध्ये शिकत असताना त्यानं आणि त्याची सहाध्यायी कॅथरीन व्हेंच्युरो-कॉनर्ली हिनं हे काम उभं केलं. म्हणजे सुरुवातही विद्यार्थ्यांनीच केली. पहिली चाचणी नैरोबीतल्या किबेरा वस्तीतल्या शाळेत ५१ मुलामुलींवर झाली. नंतर नैरोबी आणि किआम्बू भागातल्या चार शाळांमधल्या ४१३ विद्यार्थ्यांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत जवळपास दोनतृतीयांश मुली होत्या. तुलनेसाठीच्या गटाला अभ्यासाचं कौशल्य शिकवलं होतं. दोन्ही गट सुधारले, पण शामिरीच्या गटातली उदासी आणि चिंता जास्त उतरली.

३. मुलींसाठी वेगळा गट कशाला? मुलांना त्रास होत नाही का?

होतो, आणि त्यांच्यासाठीही गट हवेतच. पण मुली ज्या गोष्टी बोलतात त्यातल्या बऱ्याच मुलांसमोर निघतच नाहीत: पाळीच्या दिवसांत पॅड नसणं, शाळेच्या वाटेवर अडवणारा मोटरसायकलवाला, धाकट्या भावंडांना सांभाळताना बुडणारा अभ्यास, फी एकाचीच भरता येणार असेल तर भावाची भरली जाणं. शाळांतून मोफत पॅड देण्याचा कायदा केनियात २०१७ मध्ये झाला. ते वेळेवर पोचतात का, हे मात्र त्या त्या शाळेत विचारावं लागतं.

दुसरं कारण संशोधनातलं आहे. उत्तर युगांडात युद्धामुळे छावण्यांत राहणाऱ्या १४ ते १७ वर्षांच्या ३१४ मुलामुलींवर एक अभ्यास झाला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नातेसंबंधांवर आधारलेल्या गटोपचारानं मुलींची उदासी स्पष्ट कमी झाली, मुलांमध्ये तसा ठोस फरक दिसला नाही. एकच पद्धत दोघांना सारखी लागू पडेल असं गृहीत धरता येत नाही, हे त्यातून कळलं.

४. झिम्बाब्वेत आज्या बाकावर बसून हेच काम करतात ना? मग इथे विद्यार्थिनी का?

हरारेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये चौदा आज्यांना शिकवून ‘फ्रेंडशिप बेंच’ सुरू केला. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर आजी समोरच्या माणसाबरोबर त्याची एक अडचण निवडते आणि ती सोडवायची वाट शोधते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा चांगला उपयोग दिसला. तिथे येणारी माणसं बहुतेक प्रौढ असतात आणि आजीचा शब्द वस्तीत मानला जातो.

शाळेतल्या पंधरा वर्षांच्या मुलीचं गणित वेगळं असतं. आजीसमोर ती मित्राबद्दल, पाळीबद्दल किंवा ‘मला शाळाच नको’ हे बोलायला कचरते. दोनच वर्षांपूर्वी त्याच परीक्षेतून गेलेल्या मुलीसमोर बोलते. शिवाय केनियाची लोकसंख्या पाच कोटींच्या वर आहे आणि मनोविकारतज्ज्ञ फार तर शे-दीडशेच्या घरात, तेही बरेचसे शहरांत. प्रत्येक शाळेत तज्ज्ञ पोचेल अशी वाट पाहत बसलं तर या मुली तोवर शाळा सोडून गेलेल्या असतील.

५. चार आठवड्यांच्या सत्रांत काय करतात?

शामिरीच्या आराखड्यात तीन धागे आहेत. पहिली दोन सत्रं ‘माणूस बदलू शकतो’ या कल्पनेवर असतात: मेंदू सरावानं बदलतो, आजचं अपयश कायमचं नसतं, आणि अडचण आली तर कुणाची कशी मदत मागायची. तिसरं सत्र कृतज्ञतेचं. चौथ्यात मुली स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींतून एक निवडतात आणि पुढच्या आठवड्यात तिला धरून काय करणार ते लिहितात. आजार, उपचार हे शब्द फारसे येतच नाहीत. त्यामुळे गटात जाणाऱ्या मुलीवर शिक्का बसत नाही.

तासाचा ढोबळ हिशेब असा ठेवावा: दहा मिनिटं हालहवाल आणि खेळ, पाच मिनिटं मागच्या आठवड्याच्या गृहपाठावर, दहा मिनिटं नवी गोष्ट किंवा वाचन, पंधरा मिनिटं प्रत्येकीनं वहीत लिहिणं, पंधरा मिनिटं बोलणं, पाच मिनिटं समारोप. लिहिण्याचा वेळ कापू नका. जी मुलगी चार आठवडे तोंड उघडत नाही, ती लिहिते. वह्या गटप्रमुखानं तपासायच्या नाहीत आणि शिक्षकांना तर मुळीच द्यायच्या नाहीत.

कृतज्ञतेचं सत्र सगळ्यात जास्त वेळा बिघडतं. ‘तुला जे मिळालंय त्यात समाधान मान’ असा त्याचा अर्थ झाला की मार खाणारी मुलगी गप्प होते. इथे प्रश्न इतकाच विचारायचा: या आठवड्यात कुणी तुझ्याशी नीट वागलं का, आणि ते तुला त्याला सांगता येईल का?

६. गटप्रमुखाला प्रशिक्षण किती आणि कशाचं?

दोन पूर्ण दिवस ही किमान गरज समजा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ प्रत्यक्ष सराव हवा. एकीनं गटप्रमुख व्हायचं, बाकीच्यांनी मुली. एक रडणारी, एक सारखी बोलणारी, एक थट्टा करणारी. सरावात तीन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: दहा सेकंद शांत बसणं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, आणि ‘हे मला ठाऊक नाही, विचारून सांगते’ असं म्हणणं.

शेवटी प्रश्न १० आणि ११ मधल्या पायऱ्या तोंडपाठ म्हणून दाखवायच्या. ज्या मुलीला त्या येत नाहीत तिला गट देऊ नये. नंतर दर आठवड्याला पर्यवेक्षकाबरोबर तासभर बैठक. ही बैठक बंद पडली की दोन-तीन आठवड्यांत गटप्रमुख आराखडा सोडून उपदेश करू लागते. मुलगी चांगली असते, पण समोरचीचं दुःख सहन होत नाही म्हणून ती सल्ला देऊ लागते.

७. गटात कोणत्या मुली घ्यायच्या? ‘त्रास असलेल्या’ निवडून?

शाळेत शिक्षिकेनं वर्गात नावं वाचून दाखवली की गट तिथेच संपतो. पूर्ण वर्गाला निमंत्रण द्या, ज्यांना यायचं त्या येतील. प्रश्नावली भरून घ्यायची असेल तर सगळ्यांकडून घ्या (प्रश्न ८). बहिणी-बहिणी किंवा नुकतंच भांडण झालेल्या मुली एका गटात नकोत. शिक्षिका खोलीत बसणार असेल तर नम्रपणे नाही म्हणा. दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर असली तर उत्तम.

८. सुधारणा झाली हे मोजतात कसं?

उदासीसाठी बहुधा पीएचक्यू-८ वापरतात: आठ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. दहा किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञानं पाहावं. चिंतेसाठी जीएडी-७: सात प्रश्न, एकूण २१. पहिल्या सत्राआधी, चौथ्यानंतर आणि शक्य असेल तर काही महिन्यांनी पुन्हा. हे गुण म्हणजे निदान नव्हे. परीक्षेच्या आठवड्यात सगळ्याच मुलींचे गुण चढतात.

पीएचक्यू-९ मध्ये नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तो विचारायचा असेल तर सगळे कागद त्याच दिवशी, मुली शाळेतून जाण्याआधी कुणीतरी वाचायलाच हवेत. होकार लिहिलेला कागद आठवडाभर पिशवीत पडून राहणं यासारखी दुसरी हयगय नाही. वाचायला माणूस नसेल तर आठ प्रश्नांचीच प्रश्नावली घ्या.

९. मुलींना ‘सगळं गुप्त राहील’ असं सांगायचं का?

तसं कधीच सांगू नका. पहिल्या सत्राच्या पहिल्या पाच मिनिटांत, साध्या भाषेत सांगा: ‘इथलं बोलणं इथेच राहील. पण कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुम्हाला इजा करत असेल, तर मी ते एका मोठ्या माणसाला सांगणार, आणि सांगण्याआधी तुम्हाला सांगेन.’ दुसऱ्या सत्रात पुन्हा सांगा, कारण पहिल्या दिवशी अर्ध्या मुली ऐकत नसतात. ‘कुणाला सांगू नको’ असं म्हणून मुलगी बोलायला लागली, तर तिला तिथेच हळूच थांबवून हाच नियम परत सांगायचा. ती गप्प झाली तरी दार उघडं ठेवा, बऱ्याचदा त्या नंतर येतात.

१०. एखादी मुलगी ‘मला जगायचं नाही’ म्हणाली तर?

सरळ विचारा: जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्यानं ती कल्पना मनात भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचा आधार वाटतो. मग या क्रमानं जा:

तिला गटातून बाजूला घ्या, पण एकटी सोडू नका. शौचालयापर्यंतसुद्धा कुणीतरी बरोबर हवं. काही ठरवलं आहे का, कधी, जवळ काही साधन आहे का, आधी कधी प्रयत्न केला आहे का, हे विचारा. लगेच मानसतज्ज्ञाला फोन करा. ठरलेल्या शिक्षिकेकडे तिला स्वतः घेऊन जा, हातात हात देऊन सोपवा. चिठ्ठी किंवा संदेश पुरत नाही. शाळा घरच्यांना बोलावेल. घरातलाच माणूस त्रासाचं कारण असेल तर ते आधी मानसतज्ज्ञाला सांगा. त्याच संध्याकाळी चार ओळींची नोंद लिहा: काय म्हणाली, काय केलं, कुणाकडे सोपवलं, किती वाजता. दुसऱ्या दिवशी ती कुठे आहे हे विचारा.

केनियात मुलांसाठी ११६ हा मोफत क्रमांक आहे आणि रेडक्रॉसचा ११९९. पण तिथल्या बऱ्याच मुली निवासी शाळांत असतात आणि त्यांच्याकडे फोन नसतो. त्यांच्यासाठी खरा क्रमांक म्हणजे वसतिगृहाच्या मेट्रन. म्हणून मेट्रनला पहिल्या आठवड्यातच विश्वासात घ्या. रात्री अकरा वाजता त्याच जाग्या असतात.

अनेकांना पोलिसांची भीती असते, कारण आत्महत्येचा प्रयत्न हा केनियाच्या दंडसंहितेच्या कलम २२६ खाली गुन्हा होता. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिलं आहे.

११. लैंगिक अत्याचाराबद्दल मुलीनं सांगितलं तर?

गटात सगळ्यांसमोर सांगू लागली तर म्हणा, ‘तू सांगितलंस ते मोलाचं आहे, आपण दोघी सत्रानंतर लगेच बोलू.’ नंतर तिला बोलू द्या, पण खोदून विचारू नका. सविस्तर जबाब घेणं हे डॉक्टरांचं आणि पोलिसांचं काम आहे. तीच गोष्ट चार जणांना चार वेळा सांगायला लावणं ही तिला पुन्हा दिलेली शिक्षाच आहे.

घटना ताजी असेल तर घड्याळ महत्त्वाचं आहे. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी चांगली. गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांपर्यंत चालते, तिचाही उपयोग वेळेबरोबर घटतो. त्या वेळचे कपडे धुऊ नयेत, प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावेत. आधी दवाखाना, मग पोलीस ठाणं. लिंगाधारित हिंसेसाठी केनियातला मदत क्रमांक ११९५ आहे.

आरोप शाळेतल्याच शिक्षकावर असेल तर नेहमीची साखळी मोडते. मुख्याध्यापकांकडे न जाता थेट पर्यवेक्षक आणि बालसंरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं. हा पर्यायी रस्ता गट सुरू होण्याआधीच लिहून ठेवलेला हवा. प्रसंग आल्यावर शोधायला गेलात तर शाळेचं नाव जपण्याचा दबाव आधी येतो.

१२. परवानगी कुणाची लागते?

शाळेची, पालकांची आणि मुलीची, तिन्ही. १८ वर्षांखालच्या मुलीसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि तिला स्वतःला ‘नको’ म्हणता येतं हे सांगा. निवासी शाळेत पालक शाळेचं सत्र सुरू होताना मुलींना सोडायला येतात, तेव्हाच अर्ज भरून घ्या, मधल्या काळात ते भेटत नाहीत. माहिती गोळा करून अभ्यास म्हणून छापायची असेल तर नीतिसमितीची आणि राष्ट्रीय विज्ञान आयोगाची मंजुरीही लागते.

वेळापत्रक बघूनच तारखा ठरवा. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यात तीन शालेय सत्रं असतात, मधे अर्धसत्राची सुट्टी येते. शेवटच्या शालेय सत्रात केसीएसई, म्हणजे माध्यमिक शाळेच्या शेवटची राष्ट्रीय परीक्षा असल्यानं वरच्या वर्गाला हात लावू नका. दुपारी चारनंतरचा खेळाचा तास बहुतेक शाळा देतात.

१३. सत्र इंग्रजीत घ्यायचं की स्वाहिलीत?

कागदावर इंग्रजी चालेल. बोलताना मुली ज्या भाषेत रडतात-हसतात तीच. नैरोबीत ती बहुधा शेंग, म्हणजे तिथल्या तरुणांची मिश्र बोली. इंग्रजीत बोललं की तोंडी परीक्षेसारखी उत्तरं येतात: अचूक आणि पोकळ.

१४. घरचे म्हणतात हे भूतबाधेचं आहे, पाद्रीकडे नेतो. गटप्रमुखानं काय करायचं?

श्रद्धेशी वाद घालायचा नाही. प्रार्थनेनं मुलीला बरं वाटत असेल तर ती चालू राहू दे, गटही चालू राहू दे. दोन ठिकाणी मात्र लगेच पर्यवेक्षकाला सांगा: बांधून ठेवणं, मारणं किंवा सक्तीचा उपास होत असेल तर, आणि मुलीला झटके येत असतील तर. झटके बऱ्याचदा अपस्माराचे असतात, औषधानं आटोक्यात येतात, आणि बाधा समजून वर्षं वाया जातात.

१५. मुलगी गरोदर आहे हे कळलं. शाळेतून काढतील का?

काढू नये असं धोरण आहे. प्रसूतीनंतर मुलीला शाळेत परत घेण्याचं धोरण केनियात १९९४ पासून आहे आणि २०२० मध्ये त्याच्या नव्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. प्रत्यक्षात मुलीला आणि घरच्यांना हे ठाऊकच नसतं, म्हणून ती स्वतःहून शाळा सोडते. गटप्रमुखानं एवढी माहिती द्यावी आणि तिला समुपदेशन शिक्षिकेकडे न्यावं. ती अल्पवयीन असल्यानं प्रश्न ११ सुद्धा वाचा. गटातली तिची जागा काढून घेऊ नका, त्या काळात तिला मैत्रिणी सगळ्यात जास्त लागतात.

१६. मुली फीसाठी पैसे मागतात. द्यायचे का?

स्वतःच्या खिशातून नाही. एकीला दिले की दुसऱ्या आठवड्यात सगळा गट मदतीच्या रांगेत बदलतो, आणि न मिळालेली मुलगी बोलायचं थांबते. पण ‘आम्ही पैशाचं बघत नाही’ म्हणून विषय तोडणंही चूक आहे, कारण फीसाठी घरी पाठवलेल्या मुलीची चिंता श्वासाच्या व्यायामानं जात नाही. मतदारसंघ विकास निधीची आणि काउंटीची (तिथल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाची) शिष्यवृत्ती असते. अर्ज कुठे मिळतो आणि मुदत कधी संपते याचा कागद गटप्रमुखाजवळ असावा.

१७. चार सत्रं झाली, तरी मुलगी तशीच आहे. पुढे?

असं होतंच, आणि तो तिचा किंवा गटप्रमुखाचा दोष नाही. गुण अजूनही दहाच्या वर असतील, झोप-जेवण बिघडलेलं असेल, किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील तर तज्ज्ञाकडे पाठवा. आवाजांच्या बाबतीत सत्रं संपायची वाट पाहू नका. नैरोबीत माथारी हे राष्ट्रीय मनोरुग्णालय आहे, बाहेर काउंटी रुग्णालय. पाठवताना पत्र, तारीख आणि बरोबर जाणारं माणूस, हे तिन्ही ठरवा. नुसता पत्ता दिला तर मुली जात नाहीत.

१८. मी महाराष्ट्रातून दोन महिने केनियात जाणार आहे. मला गट घेता येईल?

घेऊ नका. भाषा, शाळेची रीत आणि नंतर भेटण्याची शक्यता, यातलं काहीच तुमच्याकडे नसतं, आणि मुलींनी मन मोकळं केल्यावर तुम्ही विमानात बसणार. नोंदी नीट लावणं, छपाई, माहिती संगणकात भरणं, गटप्रमुखांच्या प्रवासखर्चासाठी निधी उभारणं, ही कामं मात्र कायम अडलेली असतात. गटप्रमुखांना मानधन आणि मटाटूचं (तिथल्या खासगी मिनीबसचं) भाडं वेळेवर मिळणं हे काम टिकण्याचं पहिलं कारण आहे. मुलींचे फोटो घेऊ नका.

१९. असं काम आपल्याकडे होतं का?

होतं, आणि दोन्हीकडचा दुवा जुना आहे. मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९० च्या दशकात हरारेत काम करत होते. तिथे त्यांनी शोना भाषकांसाठी बनवलेली लक्षणांची प्रश्नावली फ्रेंडशिप बेंच आजही वापरतो. १९९६ मध्ये गोव्यात त्यांनी सहकाऱ्यांसह ‘संगाथ’ स्थापन केली आणि तिथल्या दवाखान्यांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून समुपदेशन करून पाहिलं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमानं गावातल्याच माणसांना हे शिकवलं. शाळेत करायचं असेल तर प्रश्न ७ ते १२ जवळपास जसेच्या तसे लागू आहेत. क्रमांक बदलतात: चाइल्डलाइन १०९८, टेलीमानस १४४१६.

२०. गटप्रमुखच खचली किंवा मध्येच सोडून गेली तर?

ऐकलेलं घरी घेऊन जाणं, झोप न लागणं, मुलींचे फोन रात्री घेणं, ही पहिली चिन्हं. स्वतःचा क्रमांक मुलींना न देणं हा नियम तिच्या रक्षणासाठीही आहे. एका वेळी दोनपेक्षा जास्त गट देऊ नका, तिच्या स्वतःच्या परीक्षेच्या महिन्यात एकही नको. जिच्या घरात नुकताच मृत्यू किंवा अत्याचार घडला आहे तिनं त्या शालेय सत्रापुरतं थांबावं. मानधन मात्र तिला द्यावं.

प्रत्येक गटाला सुरुवातीपासून एक बदली गटप्रमुख नेमा आणि पहिल्या सत्राला तिला हजर ठेवा. कुणी सोडून जाणार असेल तर शक्यतो निरोपाचं सत्र तिनंच घ्यावं, कारण न सांगता निघून गेलेली माणसं या मुलींच्या आयुष्यात आधीच पुष्कळ असतात. तेही जमलं नाही तर पर्यवेक्षकानं त्याच आठवड्यात गटात जाऊन कारण खरंखरं सांगावं आणि पुढची तारीख फळ्यावर लिहावी.